रविवारी आत येणारी वही

काकू, आज पुन्हा एक मुलगी दारात उभी राहिली. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हातात मोबाइल, मोबाइलवर गणिताचा फोटो. "आजी, एवढं एकच सांगा ना," म्हणाली. एवढं एकच असं कधी नसतं, हे तुम्हाला मी काय सांगू! पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक झालंय, की तिसऱ्या मजल्यावर गणिताच्या निवृत्त प्राध्यापिका राहतात आणि त्या नाही म्हणत नाहीत. मी थकले आहे, काकू. डोळे दुखतात, पाच मिनिटं बोललं की घसा बसतो. तरी तिला बसवलं, कुठली पायरी चुकली ते दाखवलं आणि ती गेल्यावर पंख्याखाली तशीच पडून राहिले. पडल्या पडल्या तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. ते हल्ली फार येतं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, सायन्सला. चिंचवडहून सकाळच्या गाडीनं पुण्याला जायचं, दुपारी परत. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या, पण आमच्या बाजूला सगळी ज्वारीच. "पोरगी रोज गाडीनं जातीया, लोकं काय म्हनत्याल?" ही आईची रोजची कटकट. वडील म्हणायचे, "म्हनू दे. तिला गनित येतंय, आपल्याला येतंय का?" आणि इकडे तेच मला येईनासं झालं होतं. शाळेत पहिली येणारी मी कॉलेजच्या पहिल्या चाचणीत नापास झाले. सगळं इंग्रजीत, प्रोफेसर फळ्याकडे तोंड करून लिहीत सुटायचे आणि घंटा झाली की निघून जायचे. वडिलांना सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांकडे गेले, म्हणजे तुमच्या यजमानांकडे, तुमच्या घरी. तिथे रविवारी सकाळी कॉलेजची तीन मुलं आधीपासून येत होती.

मुलं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसायची. मी मुलगी म्हणून तुमच्या सासूबाईंनी मला आत तुमच्याजवळ बसवलं. बाहेरचं ऐकायचं आणि हातानं भाजी निवडायची. पहिल्याच रविवारी सर एक वही घेऊन आत आले, फडताळावर ठेवली आणि पाणी प्यायला लागले. तुम्ही पिठाचे हात धुतले, पदराला पुसले, पेन्सिल घेतली. तव्यावरची भाकरी एकदा उलटलीत, तेवढाच खंड. मग वही सरांपुढे धरून एका ओळीवर बोट ठेवलंत. "इथे एक्सच्या जागी साइन थीटा घ्या, मुळाखालचं सगळं सुटतं." सरांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन तेच इतकं सुंदर समजावलं, की मलाही कळलं. समजावायचे ते खरंच छान. मी मेथीची जुडी हातात धरून तुमच्याकडे बघत राहिले. तुम्ही म्हणालात, "लग्नाआधी बी.ए.ची दोन वर्षं झाली होती माझी. गणित घेऊन. बाहेर बोलायचं नाही हं हे."

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी तुमच्या चुलीजवळ शिकले. तुम्ही मला कधी उत्तर सांगितलं नाहीत. एकदा मी कोरी वही पुढे केली आणि म्हटलं, "येतच नाही." तुम्ही वही बंद करून परत दिलीत. "चुकलेलं आण. कोऱ्या कागदात मी काय शोधू?" मला रडू आलं. तुम्ही समजूत घातली नाहीत, कांदा चिरायला घेतलात. पुढच्या रविवारी मी चार पानं चुकीची आणली, तेव्हा मात्र तुमचा चेहरा असा खुलला, की जणू मी सणाचं काही घेऊन आले होते.

आणि मग मी ते सांगून टाकलं. चिंचवड स्टेशनावर, गाडीची वाट बघत असताना, त्या तीन मुलांना. सरांना यातलं काही येत नाही, सगळं काकू सोडवतात. तुमच्यावरचा अन्याय मला बघवला नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. त्या रविवारी एका मुलानं फळ्यापाशी उभ्या सरांना हसत विचारलं, "सर, हे अवघड आहे. आत पाठवायचं का?" बाकीचे दोघं खाली बघून हसले. मी दाराच्या फटीतून बघत होते. सरांनी खडू खाली ठेवला, हात झटकले. "आत पाठवण्यासारखंच आहे," एवढंच म्हणाले आणि चपला घालून नदीकडे निघून गेले. मुलं थोडा वेळ बसली आणि उठली. पुढच्या आठवड्यात निरोप आला, सरांची प्रकृती बरी नसते, मुलांनी पुण्यात कुणीतरी बघावं.

मी दुसऱ्याच दिवशी, सोमवारी आले होते. तुम्ही तांदूळ निवडत होतात.

"तू सांगितलंस?"

"हो."

"का गं?"

"खोटं चाललं होतं ना ते, काकू."

तुम्ही सुपातला खडा बाजूला टाकलात. "असेल खोटं. पण मी लग्न होऊन आले तेव्हा यांनीच म्हटलं होतं, तूच बाहेर बसून शिकव. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. मग यांनी ही वाट काढली. रविवारी वही आत यायची. आता कोण आणणार?" रागावला असतात तर बरं झालं असतं. उठून तुम्ही ट्रंकेतून तुमचं कॅल्क्युलसचं पुस्तक काढलंत, पहिल्या पानावर माहेरचं नाव असलेलं, आणि माझ्या हातात दिलंत. "ने. आणि आता येऊ नकोस, त्यांना बरं वाटणार नाही."

मी त्या पुस्तकावर पास झाले, काकू. पुढे बी.एस्सी. झाले, एम.एस्सी. झाले, तीस वर्षं शिकवलं. त्याच वर्षी जूनमध्ये सरांनी तळेगावची शाळा धरली. तळेगाव काही लांब नव्हतं. त्याच गाडीनं उलट्या दिशेला जायचं. मी गेले नाही. तुम्ही वारल्याचं मला कुणीतरी एका लग्नात जेवताना सांगितलं, आणि मी पानावरून उठलेसुद्धा नाही.

निवृत्तीच्या समारंभात मी पहिल्यांदा तुमच्याबद्दल बोलले. एका विदुषीवर झालेला अन्याय मला त्या वयातही सहन झाला नाही, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. ते खरं नव्हतं. त्या दिवशी स्टेशनावर त्या तीन मुलांतला एक जण मला म्हणाला होता, "तू काय, आत बसून भाजी निवडतेस. तुला काय कळतं?" बाकीचे दोघं हसले. मला फक्त त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे, हे दाखवायचं होतं. तुम्ही "का गं" विचारलंत, तेव्हा हे सांगायला हवं होतं. तुमचा त्यात मी विचारच केला नव्हता, काकू.