आखणीच्या वेळची हाक

हमरापूर,
सोमवार, २१ जुलै २०२५

चि. प्रतिक्षास,
आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक, तुम्ही उभयतां कसे ते कळव, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. हितेशरावांची धाटावची नाइट शिफ्ट संपली का? गेल्या वेळी आले तेव्हा डोळ्यांखाली काळं आलं होतं. दिवसा झोप लागत नसेल तर खिडकीला जाड पडदा लाव. इथं गणपतीच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. पावसानं रंग वाळत नाही, म्हणून बाबा दिवसभर मूर्तींना हॅलोजन लावून बसतात.

तुझा मेसेज मिळाला. "आई, सेमिनारनंतर तुझ्यात आणि मोठ्या आईत बोलण्यात काही बदल झाला का? पाचच प्रश्न आहेत, व्हॉइस नोट पाठव." व्हॉइस नोट नाही पाठवणार. माझा आवाज एकदा तुझ्या हाती दिला, तेवढा पुरे झाला. दहावीपर्यंत शिकलेय, कागदावर लिहिते. माझं अक्षर तुला लागेल.

बदल झालाय. सांगते. पण माझ्या मनानं सांगेन, तुझ्या पाच प्रश्नांच्या मनानं नाही.

ते आवाज टिपायचं यंत्र घेऊन तू पहिल्यांदा आलीस तेव्हा आम्ही किती खूश होतो! आमची पोर पीएचडी करते, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते शोधते. बाबा गावभर सांगत सुटले. समोरच्या कारखान्यातला पोपट म्हणाला, "बोलतात कशी, त्याच्यात काय शोधायचं? तोंडानं!" आम्ही पोट धरून हसलो. यंत्र तू रंगांच्या फळीवर ठेवलंस आणि म्हणालीस, ते आहे हे विसरून जा. आम्ही खरंच विसरलो. मोठी आई तेवढी रोज त्याच्यावरून फडकं फिरवायची. तुझी वस्तू ना.

आणि एवढं करून तुला सापडलं काय? "घर क्रमांक चारमधील दोन स्त्रियांमध्ये संवादाचा संपूर्ण अभाव आहे." पेणच्या त्या हॉलमध्ये पडद्यावर हे वाक्य आलं तेव्हा मोठ्या आईनं बाबांना विचारलं, "भावजी, काय लिव्हलंय?" तिला वाचता येत नाही हे तुला ठाऊक होतं. बाबा म्हणाले, "तुमच्या दोघींबद्दल चांगलं लिव्हलंय, वयनी."

अभाव म्हणे! आम्ही दोघी जावा एकमेकींशी बोलत नाही हे काय तू शोधून काढलंस? उभ्या हमरापूरला ठाऊक आहे. तिचा नवरा गेला, मूलबाळ नाही, ती आमच्याच चुलीवर राहिली. ती पितांबर रंगवायची, मी डोळे आखायची. मूर्ती माझ्यापुढे ठेवताना ती अशी फिरवून ठेवायची की उजेड बरोबर चेहऱ्यावर पडावा. आखणी संपली की चहा हाताशी यायचा. आधी कधी आला नाही आणि निवलेला कधी मिळाला नाही. तुझी वेणी ती घालायची, रिबिनी मी काढून ठेवायची. असं चाललं होतं आमचं. त्याचा आवाज होत नाही, तर ते तुझ्या यंत्रात कुठून येणार?

असो. मला खरं दुखतंय ते वेगळंच आहे. लिहायचं नव्हतं, पण आता झाकून ठेवायला राहिलंय काय!

आपल्या घरात आखणीला बसलेल्या बाईला हाक मारत नाहीत. तुझ्या आजीनं घालून दिलेला दंडक. हात दचकला की डोळा बिघडतो आणि डोळा बिघडला की मूर्ती वाया जाते. तू लहानपणी "आई, आई" करत धावत आलीस की मोठी आई तुझ्या तोंडावर हात ठेवून तुला उचलून न्यायची. आठवत असेल तुला.

तुझ्या आधीचा सुजय गेला तो ह्याच दिवसांत. मुंबईच्या मंडळाची मोठी मूर्ती होती, दारात टेम्पो उभा, बाबा पेणला गेलेले आणि मी शिडीवर बसून डोळे आखत होते. पोर मोठ्या आईच्या मांडीवर. सकाळी अंग नुसतं कोमट होतं. मग ताप चढला, आकडी आली. ती दारापर्यंत आली, मला आखणीला बसलेली बघून मागं फिरली, पुन्हा आली, पुन्हा फिरली. मी शिडीवरून उतरले तोवर पोर गार पडलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तू आखणीला बसली व्हतीस गो." ते आमचं शेवटचं बोलणं.

मी तिला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर एकच वाक्य म्हटलं असतं, आणि ते तोंडातून गेल्यावर एका छपराखाली राहता आलं नसतं. ते वाक्य तिलाही कळत होतं. म्हणून दोघींनी तोंडं मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, त्या झाकल्या मुठीत आम्ही तुला वाढवली.

ते वाक्य तू माझ्या तोंडून काढलंस. समोर बसून माझ्याबरोबर वाल सोलता सोलता विचारलंस, "आई, तुला खरं काय वाटतं?" जन्मात कुणी मला असं विचारलं नव्हतं. तुझ्या बाबांनीसुद्धा नाही. मला भरून आलं आणि मी बोलून गेले. मनातलं बोललं की हलकं वाटतं, असंही म्हणाली होतीस. वाटलं हो हलकं, चार दिवस. मी माझ्या लेकीशी बोलत होते. तुझ्या परवानगीच्या कागदावर सही केली ती लेकीनं मागितली म्हणून केली.

आणि मग तो हॉल. नावं बदलली होतीस, मान्य. मी "स्त्री अ", ती "स्त्री ब". आणि बटण दाबून माझा आवाज लावलास! "तिनं एक हाक मारली असती तर माझं पोर वाचलं असतं. हाक न मारून तिनंच मारलं त्याला." केवढे ते स्पीकर! अगो, नाव बदललं म्हणून आवाज बदलतो काय? हमरापूरची कुत्रीसुद्धा माझा आवाज ओळखतात. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, तुझ्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून. तुम्ही दिलेला फुलांचा गुच्छ तिच्या मांडीवर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवतात म्हणून तिनंही वाजवल्या. तुझ्या सरांनी तुझी पाठ थोपटली आणि बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "आई, एकदाचं मोकळं झालं सगळं."

कोण मोकळं झालं, प्रतिक्षा? तू रोह्याची गाडी धरलीस. आम्हाला दोघींना एकाच रिक्षातून घरी यायचं होतं.

आता तुझा बदल. दुसऱ्या दिवसापासून ती बोलायला लागली. आनंद झाला ना तुला? चुलीपाशी नाही, जेवताना नाही. मी आखणीला बसले की दारात येऊन उभी राहते आणि हाक मारते. "सरू, दूध उतू जातंय!" "सरू, मांजर शिरलं गो!" दूधही नसतं आणि मांजरही नसतं. पहिल्या हाकेला हात असा उडाला की गणपतीच्या डोळ्यातली रेघ कानाला जाऊन भिडली. बाबा ओरडले, "वयनी, काय चालवलंय तुम्ही?" ती शांतपणे म्हणाली, "हाक नाय मारली तर पोर मरतंय ना, भावजी." बाबा उठून बाहेर गेले ते जेवायलाच आत आले.

डोकं फिरलं म्हणावं तर भातात मीठ बरोबर पडतं. माझ्यावर सूड उगवते म्हणावं तर हाक मारताना तिचेच डोळे भरलेले असतात. मला काही कळत नाही. तुझ्या पुस्तकांत त्याला एखादा शब्द असेल. ब्रश हातात घेतला की आता माझे कान दाराकडे लागतात आणि रेघ वाकडी जाते. बाबांनी निम्म्या मूर्ती आखणीला पोपटकडे दिल्या. सासूच्या हाताखाली शिकलेलं हे एकच काम मला येत होतं.

पण काल झालं ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. एक डोळा आखून झाला होता, दुसऱ्याला ब्रश लावणार तोच हाक आली. "सरू, पोराला ताप चढलाय गो. ये."

मी ब्रश ठेवला आणि उठले.

ती ओटीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर पदर पसरून. मी समोर बसले आणि त्या रिकाम्या पदरावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते? ती म्हणाली, "आलीस?" मी म्हटलं, "आले." सुजय गेल्यापासून मी तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. तिनं पदरावरचा माझा हात धरला. मग म्हणाली, "एका हाकेला आलीस गो. एकाच हाकेला." आणि अशी रडायला लागली की सुजय गेला त्या दिवशीसुद्धा रडली नव्हती.

कळलं का तुला काय झालं ते? मी उठून आले असते, हे तिला आजवर नक्की माहीत नव्हतं. आखणी सोडून सरू उठलीच नसती, उलट ओरडली असती, एवढ्या समजुतीवर ती बाई जगत होती. काल मी उठले आणि ती समजूतही गेली तिची. ती समजूत तिच्यापाशी राहू दिली असती, ती बाई तशीच म्हातारी होऊन गेली असती, तर तुझ्या शास्त्राचं काय बिघडलं असतं गो?

हा बदल. तुझ्या पाच प्रश्नांत कुठं बसतो ते बघ. नको, बघूच नकोस. ते वाक्य पुस्तकात छापणार असशील तर माझी सही मला परत दे. आपलेच दात आपलेच ओठ म्हणून मी गप्प राहिले, पण तो आवाज आता कुठंही वाजता कामा नये.

आणि इकडे ये. यंत्र रोह्याला ठेवून ये. ती तुझं नाव काढत नाही, पण तुझ्यासाठी वाल भिजत घालते आणि मोड आले की एकटी सोलत बसते. तिच्यापुढं पाठ करून बस, वेणी घालून घे. मला माफ कर असलं काही बोलू नकोस, बोलणं खूप झालं. तिनं हाक मारली की तेवढी उठत जा. एकटीनं रोज उठणं माझ्यानं होणार नाही.

काल राहिलेला दुसरा डोळा अजून तसाच आहे. बाबा म्हणतात पोपटकडे देतो. मी म्हटलं, राहू दे दोन दिवस, पोर येते का बघू.

तुझी,
आई
(हे नाव मात्र बदलू नकोस.)