इराच्या पानावरची खीर

१४ सप्टेंबर २०२५
पनवेलला पोचले. घर झकास! खिडकीतून बाजार दिसतो, शिवाय मला स्वतंत्र खोली. दीनानाथकाका साधे आहेत. ज्यांना सांभाळायला आले त्या रमाकाकू तर गोडच. त्यांना काही आठवत नाही. सारखं माझं नाव विचारतात आणि दर वेळी म्हणतात, प्रांजल, छान नाव!

मेंदूतला जुना दाह आटोक्यात राहून त्यांना आठवू लागावं म्हणून डॉक्टरांनी ग्लायसिनची पूड दिलीय. प्रथिनांतलाच एक घटक, चवीला गोड. उपयोग होईलच असं नाही, हेही सांगितलंय. काकांची आशा मात्र चिवट. त्यांची मुलगी इरा नवव्या वर्षी आपटा गावी नदीत बुडाली, काकूंच्या हातातून हात निसटून. आता काकूंना मूल झालेलंच आठवत नाही. त्यांनी एकदा तिचं नाव घ्यावं, एवढंच काकांना हवंय. ऐकून मला रडू आलं.

१८ सप्टेंबर
काकू पूड घेईनात. वेगळी वाटी दिसली की तोंड फिरवतात. लहान पोर परवडलं!

२१ सप्टेंबर
सर्वपित्री. मी शक्कल लढवली, पूड खिरीच्या अख्ख्या पातेल्यातच कालवली. सगळ्यांना एकच खीर म्हटल्यावर काकूंना संशय नको. पण काकांनी त्यातलीच आधी इराच्या पानावर वाढली आणि पान गच्चीवर ठेवलं. कावळा लगेच शिवला. मग मी पुडीचं सांगितलं. काका हसले. म्हणाले, असू दे, तिलाही आम्ही आठवू.

२४ सप्टेंबर
भर दुपारी दारात ओली, छोटी पावलं. वरच्या मजल्यावरची मुलं असतील, काका म्हणाले. वरच्या मजल्यावर मुलं नाहीत.

२७ सप्टेंबर
बेल वाजली, थांबत थांबत. काका ताटावरून उठले. इरा अशीच वाजवायची म्हणे. बाहेर फक्त पाणी. काका उंबऱ्यातच बसून रडले. मला भीती वाटते, आणि त्यांची कीवही येते.

२९ सप्टेंबर
इरा दाराबाहेरून बोलते. सगळं आठवतंय तिला – आईची निळी साडी, तिळाची वडी, पाण्यातला अंधार – काकांनी हात जोडले, रमा, एकदा नाव घे. काकूंनी विचारलं, कुणाचं?

१ ऑक्टोबर
बॅग भरली होती. उद्या दसरा, सणाच्या तोंडावर जाऊ नकोस, काका म्हणाले. थांबले.

२ ऑक्टोबर
काकांनी दार उघडलं.
ती काकूंसमोर उभी – केसांतून पाणी – काकूंनी निरखून पाहिलं. हसल्या. “कुणाची गं तू, बाळ?”
इराचं तोंड – देवा, बघवत नाही –
काका जवळ घेताहेत, ती बघतही नाही. मला विचारते, खीर तूच केलीस ना?
माझ्या खोलीत आलीय. डावा हात धरलाय. गार. म्हणते, या वेळी सोडायचा नाही –
काका मला हाका मारताहेत. काकू विचारताहेत, प्रांजल कोण?
जमिनीवर पाणी – हात सुटत ना–