पाणकावळ्यांचा इलाज

रविवार, १ मार्च २०२६. सकाळी ८.५२.
याच मिनिटाला माझा अपमान झाला. तळ्याच्या पाहणीत पक्ष्यांच्या तब्येतीची वही माझ्याकडे. 'आजारी'च्या रकान्यात मी एकतीस पाणकावळे लिहिले : दोन्ही पंख पसरलेले, मिटत नाहीत. ग्रुपचा लीडर मुकुल, वय अठ्ठावीस, अंगात कंपनीचा फुकट टी-शर्ट, सगळ्यांसमोर म्हणाला, काकू, ते पंख वाळवतायत.
दोन तास वाळवतायत? माझी चादर तासाभरात वाळते.
आणि काकू कोणाची? कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथेच बारा वर्षं हेडमिस्ट्रेस होते. आमचा अख्खा महादेवपुरा भाग मला मिस म्हणतो.
गवताच्या कडेला सात थापट्या बदकं मात्र रांगेत, गप्प. थापीसारखी रुंद चोच, वागणूक उत्तम. लिहिलं : निरोगी.

सोमवार, २ मार्च.
निश्चय : इलाज स्वतः करणार. टॉवेल आणि ग्लुकोज काढून ठेवलं.

मंगळवार, ३ मार्च. ६.३०.
टॉवेल घेऊन रुग्ण क्रमांक एककडे दहा पावलं गेले. उडाला. पूर्ण बरा.
आणखी अकरा तसेच बरे केले. एक चप्पल चिखलात गेली. ग्लुकोज मीच प्यायले.
पक्ष्यांची डॉक्टर रम्या भेटली. तिच्या कन्नड वळणाने म्हणाली, अक्का, स्वल्प, म्हणजे जरा, लांबूनच बघा. लांबून बघून कोणाचा ताप उतरलाय?
थापट्या तिथेच. मी हातभर अंतरावरून गेले तरी हलल्या नाहीत. माझ्या सातवी-बमध्ये असत्या तर एकेकीला मॉनिटर केलं असतं.

बुधवार, ४ मार्च.
उरलेले एकोणीसही तसेच उडवले. एकतीसपैकी एकतीस बरे. मुकुलला गेटवर थांबवून वही वाचायला लावली. हसू दाबत होता. 'थापट्या निरोगी' वाचून त्याने पान उलटलं. तेवढं त्यालाही पटलं, हे नोंदवून ठेवते.

गुरुवार, ५ मार्च. ७.०५.
रम्या हातमोजे घालून गवतात उतरली होती. चार थापट्या मेलेल्या. तिघींच्या माना लुळ्या. ऊन तापलं, पाणी आटलं, कुजलेल्या मासळीतून विष गेलं असणार, म्हणाली. आधी पाय जातात, मग मान. तीन दिवस आधी कळलं असतं तर बऱ्याचशा वाचल्या असत्या.
मी म्हटलं, इतक्या शांत होत्या.
ती म्हणाली, अक्का, माणूस जवळ आला की बदक उडतं. नाही उडालं, म्हणजेच आजारी.
फॉर्ममध्ये 'गप्प' असा रकाना नाही. चूक फॉर्मची आहे.
मुकुलने वही मागितली. दिली. आज काकू म्हणाला नाही.

रात्री ८.
मुकुल आणि डॉ. रम्या यांस,
खुलासा तीनदा लिहिला, तीनदा फाडला. एवढंच विचारते : उरलेल्या तिघींपैकी कोणी मान उचलली का? फोन करू नये, फोनवर मला नीट ऐकू येत नाही. उत्तर लेखी हवं, शनिवार, ७ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.