गुरुजी ‘ऊठ’ म्हणाले होते

१४ नोव्हेंबर, दुपारची सुट्टी

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा आहेस, वेळेवर जेवतोस, असं धरून चालते, नाहीतर पत्र पुढे सरकायचंच नाही. आता लगेच एक प्रश्न. ज्या माणसाला आपला झालेला अपमान आठवतच नाही, त्याने अपमान करणाऱ्याला मायेने जवळ बोलावलं, तर त्याला क्षमा म्हणायचं का? तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली, घरातली पहिली म्हणून मिरवलेसुद्धा, पण याचं उत्तर मला येत नाही. हसू नकोस. तू मला भाषणबाई म्हणायचास, त्या भाषणबाईचंही कधीतरी अडतं.

आधी घरचं. बाबांचं दुकान चाललंय. जुने सोफे दुरुस्त करून घेणारे लोक कमी झाले, पण दवाखान्यांच्या खुर्च्या येतात, मधेच एखादी न्हाव्याची खुर्ची येते. कंबर धरते, तरी स्वतःच वाकून स्प्रिंगा बांधतात. बोलायचं नसलं की अजूनही ओठांत खिळे धरतात. तुझा विषय निघाला की मूठभर.

मला ग्रंथालयात नोकरी लागली, मुलांच्या विभागात. साहेब म्हणतात माझा आवाज ग्रंथालयासाठी बनलेला नाही. कामावर जायच्या आधी मी रोज गुरुजींच्या भजनबैठकीच्या खोलीवर जाते. ती अजून तिथेच, लाँड्रीच्या वर. इस्त्रीची वाफ जिन्यापर्यंत येते. गुरुजींना आता अक्षरं दिसत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवते. त्यांची तब्येत ठीक आहे. हिंडतात, जेवतात, तुझी आठवण काढतात.

हे वाक्य मी उगाच सहज लिहिल्यासारखं लिहिलं. ते रोज काढतात. मी पुस्तक उघडायच्या आत विचारतात, “तबला कुठे गेला?” वाद्य नव्हे, तू. खोली सांभाळणाऱ्या मोठ्या काकूंनी त्यावर एक उत्तर ठरवून दिलं होतं: “परगावी गेलाय, येईल.” सगळे तेच म्हणायचे. मीही म्हणत होते.

आणि तब्येत ठीक नाही, दादा. डॉक्टर म्हणाले, वयाने स्मरणशक्ती जातेय आणि गेलेली परत येत नाही. भजनं तोंडपाठ आहेत, पण सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी विचारू नये. तुमच्या दोघांचं जे झालं, तेही गेलं. आई गेल्यावर तू भर बैठकीत तबल्यावरचे हात उचलून विचारलंस, “तुम्ही म्हणाला होतात ती बरी होईल, कृपा आहे. मग तेव्हा कृपा कुठे होती?” आणि ते ओरडले, “ऊठ. ज्याचा विश्वास नाही त्याने इथे बसायचं नाही.” हे खोलीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. फक्त त्यांना आठवत नाही.

आपल्याकडे गुरूचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. तू खोलीतून उठलास, आणि बाबांनी तो ‘ऊठ’ तसाच उचलून घरी आणला; घराचं दारही तुला बंद झालं.

मी दुकानात जाऊन बाबांना म्हटलं, “गुरुजी दादाला बोलावतायत. रोज.”

त्यांनी खिळे हातावर काढले. “शुद्धीत होते तेव्हा काय म्हणाले होते?”

“ऊठ म्हणाले होते.”

“मग शब्द तो. आता बोलतोय तो आजार.”

“म्हणजे राग गुरुजींचा आणि माया आजाराची? असं कसं हो?”

“तुला शिकवलं तिथेच चुकलं माझं,” म्हणाले आणि खिळे परत तोंडात गेले.

पण त्यांचं म्हणणं मला डाचत राहिलं. गुरुजी तुला बोलावतात कारण त्यांना काही ठाऊकच नाही, हे खरंच होतं. तेवढ्यावर तुला बोलावणं म्हणजे त्यांच्या आजाराचा फायदा घेणं. मग मी ठरवलं, त्यांना सगळं सांगायचं. माया करायची असेल तर माहीत असून करू देत.

रविवारी बाबा बैठकीच्या गाद्यांच्या उसवलेल्या कडा शिवायला आले होते. काकू खिडकीशी फुलं निवडत होत्या. गुरुजींनी विचारलं, “तबला कुठे गेला?” काकूंनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “परगावी नाही गेला, गुरुजी. तुम्ही त्याला घालवलंत.”

“अगं, जीभ आहे की काय आहे!” काकू म्हणाल्या. “पदवी मिळाली म्हणून आता गुरुजींची परीक्षा घेणार का?”

मी थांबले नाही. तू काय विचारलंस, कसं विचारलंस, ते काय म्हणाले, सगळं सांगितलं. गुरुजी ऐकत होते. मग विचारलं, “त्याची आई गेली होती?”

“हो. माझीही.”

त्यांनी चाचपडत माझा हात शोधला. “मग बरोबर विचारलं त्यानं. मला उत्तर आलं नसणार. उत्तर आलं नाही की मी ओरडतो, वाईट खोड आहे.” हात न सोडता म्हणाले, “पण मग तो परत का नाही आला?”

यावर बाबा बोलले, मी नाही. सुई तशीच गादीत होती. “तुम्ही ऊठ म्हणाला होतात, गुरुजी. आम्ही तुमचा शब्द मोडला नाही.”

गुरुजींना आधी हसू आलं, मग ते हसू विरून गेलं. “अरे, जन्मभर दया करा, दया करा म्हणून घसा कोरडा केला. ते कोणी झेललं नाही. एकदा चिडलो, तेवढं मात्र अचूक झेललंत?”

बाबांचा हात खिळ्यांसाठी खिशाकडे गेला; खिसा रिकामा होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी पुन्हा विचारलं, “तबला कुठे गेला?” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानंतर रोज सांगते आहे. कधी ते रडतात. एकदा चांगलेच भडकले, “भर बैठकीत बोलला असं? उद्धट कुठला!” मी पुस्तक उघडलं, पान वाचून काढलं. पान संपल्यावर म्हणाले, “असू दे. पोराची आई गेलीय. बोलाव त्याला.” दर वेळी वाट वेगळी असते, पण येऊन पोचतात तिथेच.

ही कृपा, की थकलेल्या माणसाला भांडण नकोसं होतं एवढंच? मला खरंच कळत नाही. त्यांना क्षमा आठवत नाही, त्यामुळे ती रोज नव्याने करावी लागते, इतकंच मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुला खोटी आशा लावणार नाही. तू आलास तरी ते तुला ओळखतील असं नाही. मधूनच ते काकूंना आपली बहीण समजतात आणि काकू, तोंडाने एवढ्या फटकळ, निमूटपणे बहीण होतात. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी नाही, तेव्हाही नव्हतं. तो प्रश्न माझाही आहे, दादा. आईच्या कॉटशी बसून मी तोच घोकत होते. तू मोठ्याने विचारलास, म्हणून शिक्षा तुला एकट्याला झाली. तरी मी त्या खोलीत जाते, कारण ज्याला उत्तर येत नाही आणि तसं कबूल करता येतं, असा माणूस मला तिथेच भेटला.

काल संध्याकाळच्या बैठकीत भजन संपल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, “गुरुजींचा शब्द आहे, त्याला बोलवा. ज्यांना हा शब्द आजाराचा वाटतो त्यांनी सकाळी यावं. मी गुरुजींसमोर सगळं सांगेन, तुम्ही आपल्या कानांनी ऐका.” कुजबुज झाली. काकू म्हणाल्या, “आता ही गुरूंच्या वतीने बोलणार!” पण आवाजाला धार नव्हती.

बाबा उठून बाहेर गेले. मला वाटलं, गेले घरी. ते जिन्यात उभे होते, वाफेत.

“पत्ता आहे तुझ्याकडे त्याचा?”

“आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही विचारलं नाहीत, बाबा.”

त्यांनी कठडा धरला. आज सकाळी निघताना म्हणाले, “जाड कागदावर लिही. लांब जायचंय त्याला.”

येणं न येणं तुझ्या हातात. तुझ्या वतीने मी कोणाला काही कबूल केलेलं नाही. पण ‘परगावी गेलाय’ हे उत्तर मी बंद केलं. आज सकाळी बाबा आणि आणखी काहीजण भिंतीशी बसले होते. गुरुजींनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं, आणि ते “बोलाव” म्हणाल्यावर सगळ्यांच्या देखत म्हटलं, “बोलावलं, गुरुजी.”

तुझी, आणि तुझ्याइतकीच आईची,
धाकटी