रोडगे पहिल्या पानावर

३ मार्च, सोमवार
आजपासून रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या राखेत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, धंदा शास्त्रशुद्ध. 'गोपाल वऱ्हाडी रोडगे, अमरावती' ही माझी वेबसाइट गूगलवर चौथ्या पानावर आहे. तिथे माणूस चुकूनच पोचतो. पहिल्या पानावर सगळ्यांत वर कोण? इंदूबाई रोडगेवाल्या, जुने शहर, अकोला. अकोल्याची बाई अमरावतीच्या पंगती मारते! कारण एकच, एसईओ, म्हणजे गूगलवर वर चढायची विद्या. उपाय: स्पर्धकाच्या साइटचा कसून अभ्यास.

माझ्या बायकोला, भावनाला, मार्केटिंग कळत नाही. म्हणाली, मागच्या साली किसनरावच्या वावरातल्या पंगतीत तुमचे रोडगे अंदरून कच्चे निघाले, अन् तुमी गूगलच्या नावानं बोटं मोडून राहिले. वर ताकीद: पाडव्यापर्यंत वेबसाइटवरून एक तरी ऑर्डर आणा, नाही तर धामणगावले माया भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसा. तिचा भाऊ प्रीतम माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. त्याच्या हाताखाली मी? शक्यच नाही.

माझ्या साइटवर एकच रिव्ह्यू आहे. एक तारा. 'बैलानेही तोंड लावलं नाही.' जुना आहे.

५ मार्च
इंदूबाईंची साइट तपासली. एकच पान. गोवऱ्यांच्या विस्तवाजवळ बसलेल्या बाईंचा फोटो. खाली वाक्य: 'फोडून पाहिल्याशिवाय आम्ही रोडगा पानात वाढत नाही.' निष्कर्ष: अक्षरं हिरवी आहेत. माझी ताबडतोब हिरवी केली.

७ मार्च
घरच्या ग्रुपवर सगळ्यांना कामाला लावलं. रोज इंदूबाईंची साइट उघडा, त्यांचं कुठे चुकतं ते कळवा. तिघांचं उत्तर आलं. तिघांनीही रेट विचारला. इंदूबाईंचा.

१० मार्च
जिंकलो! सकाळी शोधलं तर मी एक नंबरला. इंदूबाई दोन. गेला आठवडाभर स्वतःची साइट दिवसातून पन्नासदा उघडत होतो, त्या तपश्चर्येचं फळ. गल्लीत पेढे वाटले.
भावनाच्या फोनवर अजून चौथंच पान दिसतं. तिचा फोन जुना आहे.

१५ मार्च
थोडी अडचण. अभ्यास करताना अंगठा खालच्या फोन नंबरवर पडत असावा. आज इंदूबाईंचाच फोन. म्हणाल्या, दादा, तुमचे लय मिसकॉल येऊन राहिले. लाजू नका. कितीक माणसाचा कार्यक्रम हाय? राँग नंबर म्हणायला हवं होतं. पण बाई इतक्या मायेनं बोलल्या की तोंडातून निघालं, पन्नास. कधी? तेवीस तारखेला. कुठं? आमच्या वावरात.
याला फील्ड रिसर्च म्हणतात. भावना याला दुसरं काहीतरी म्हणाली.

१८ मार्च
संकटातून संधी. किसनरावांच्या घरचा हनुमान जयंतीचा नवस आहे, चारशे पानं. मागचं विसरून मलाच पुन्हा ऑर्डर द्यायचा त्यांचा विचार आहे. त्यांना माझ्या साइटची लिंक पाठवली आहे. आता तेवीसला जेवायलाही बोलावलं. रोडगे इंदूबाईंचे, नाव माझं. ऑर्डर वेबसाइटमधूनच आली असं धरायला हरकत नाही.

२३ मार्च, रविवार
इंदूबाई आल्या. गाडीवर दोन्ही बाजूंनी त्यांचं नाव आणि नंबर. याचा विचार राहून गेला.
दुपारभर त्या विस्तवापासून हलल्या नाहीत. मधूनच एखादा रोडगा फोडायच्या, बघायच्या, बाकीचे परत राखेत लोटायच्या. वरण, वांग्याची भाजी, वर तूप. मी दोन खाल्ले. तिसरा मागितला. आतून शिजले होते. हे लिहिताना फार वाईट वाटतंय.
किसनरावांनी हात धुतले आणि तिथेच इंदूबाईंना चारशेची ऑर्डर दिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, गोपाल, मोठ्या मनाचा माणूस हायेस बाप्पा. सोताचा धंदा असून दुसऱ्याले पुढं करून राहिला. त्यांचे डोळे पाणावले होते. मी मान हलवली.
भावनानं प्रीतमला फोन लावला.

३० मार्च, पाडवा
वेबसाइटच्या फॉर्मवर पहिलीवहिली चौकशी आली! घाईघाईनं उघडली. नाव: प्रीतम. मजकूर: भाऊजी, दुकान नऊले उघडते. डबा घेऊन या.

७ एप्रिल, धामणगाव रेल्वे
प्रीतमच्या दुकानात बसणं ही तात्पुरती व्यवस्था आहे. इथे नेटवर्क चांगलं आहे.
इंदूबाईंचा मेसेज: दादा, गूगलवर आमच्याबद्दल दोन शब्द लिहा ना. बाई चांगल्या आहेत, नाही म्हणवेना. पाच तारे दिले. लिहिलं, 'दोन खाल्ले, तिसरा मागितला. आतून शिजलेले. स्वतः या धंद्यात असल्यामुळे खात्रीनं सांगतो.'

१२ एप्रिल, हनुमान जयंती
किसनरावांकडे पंगत. दुकानातून सुट्टी नाही.
दुपारी एक गिऱ्हाईक प्रीतमला म्हणालं, कोनी चांगले रोडगेवाले हायेत का? प्रीतमनं त्याच्या फोनवर शोधलं. त्याच्या फोनवर, माझ्या नाही. पहिलं पान, सगळ्यांत वर माझा फोटो, माझं पूर्ण नाव, पाच तारे. इंदूबाईंच्या नावाखाली. 'अनेकांना उपयुक्त वाटलेला रिव्ह्यू.'
गिऱ्हाइकानं फोटो पाहिला, मला पाहिलं. हे तुमीच काय? म्हणालो, हो.
त्यानं लगेच इंदूबाईंना फोन लावला. तो बोलत होता तोवर मी त्याचे अर्धा किलो खिळे तोलून बांधून ठेवले.