दोन घरांची एक भिंत

औंढ्याची वरची वाडी
१२ जानेवारी १९६५

चि. सोपानास आजीचे अ. उ. आशीर्वाद.

हितं समदं बरं हाय, तुझं बरं असंल. गेल्या पावसात डोंगराची माती सरकली, म्हणून आपली वाडी खाली माळावर न्यायची ठरली, हे तुला ठावं हाय. नव्या वाडीचा नकाशा तुझ्याच कचेरीत निघतोय म्हणं. पुण्याला एवढं शिकून रेघाच वढतोस, तर आमच्यासाठी चार बऱ्या वढ.

मला एकच मागायचंय. शेजारच्या पुतळीला माझ्यापासून लांब ठेव. तुझा आजा गेल्यापासून मी एकटी, आन् भिंतीपल्याड ती एकटी. दोन घरांना भिंत एकच. ती खोकली की माझी झोप जाती. मी शेंगदाणे भाजले की तिला वास जातो आन् ती हात पुसत येती. एका दिव्यात दोन्ही घरं उजळावी म्हणून तुझ्या आज्यानं भिंतीत आरपार कोनाडा ठेवला, पण त्यातनं तिला माझ्या चुलीवरचं कालवण दिसतं. आन् तेल नेमकं माझ्याच पाळीला संपतं. तर तिला वाडीच्या पार त्या टोकाला टाक.

लिहिणारीचा हात थांबलाय. लिही म्हटलं, जसंच्या तसं लिही.

जिवाला जप, आन् म्हातारीवरची माया पातळ हू दिऊ नगंस.

तुझी आजी बयाबाई


पुणे
३ फेब्रुवारी १९६५

ती. आजीस, सोपानचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कचेरीत एकटाच हसत होतो. शाळेवर नव्या बाई आलेल्या दिसतात. त्यांना माझा नमस्कार सांग. तू बोलतेस तसंच लिहितात.

नकाशा झाला. आमचे साहेब चंदीगड पाहून आल्यापासून एकच सांगतात, की माणसाला चारी बाजूंनी हवा आणि उजेड मिळाला पाहिजे. म्हणून प्रत्येक घर सुटं, भोवती मोकळी जागा, एकाची भिंत दुसऱ्याला लागणार नाही. मधोमध चौक, चौकात शाळा, कडेनं झाडं. खिडक्यांना सिमेंटची जाळी, म्हणजे चुलीचा धूर घरात कोंडणार नाही.

तुझंही ऐकलं. तुझं घर अगदी पहिलं, विहिरीजवळ. पुतळामावशीचं शेवटचं, ओढ्याकडे. मध्ये अख्खा चौक. मावशी कितीही खोकली तरी तुझी झोप मोडणार नाही. साहेबांना मात्र खरं कारण सांगितलं नाही. म्हटलं, आजीला पाणी जवळ हवं. होळी झाली की आखणीला माणसं येतील.

लोभ आहेच, तो चौकाएवढा ऐसपैस असू दे.

तुझा सोपान


औंढे
२० फेब्रुवारी १९६५

चि. सोपान यास आजीचे आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मी पोस्टमन भिकाजी लिहीत आहे. आपल्या आजी सांगतात तसे लिहितो. काही शब्द कागदावर घालण्याजोगे नव्हते, ते गाळले आहेत.

शाळेवर कोणी नव्या बाई आलेल्या नाहीत. गेल्या वर्षी वाडीत साक्षरतेचा वर्ग निघाला. मी दोन दिवस गेले. अक्षरे मुंग्यांसारखी चालू लागली, म्हणून घरी बसले. पुतळी मात्र चिकटून राहिली. या वर्षापासून माझी पत्रे तीच लिहिते आणि तुझी तीच वाचते. मागचे पत्र तिच्याच हातचे. मी तिला डिवचायला सांगत होते आणि ती मान खाली घालून लिहीत होती. शेंगदाण्यांचे तर मी बोललेही नव्हते, ते तिनेच घातले आणि मला वाचून दाखवले. दोघी हसलो होतो.

तुझे पत्रही तिनेच वाचले, न अडखळता, शेवटपर्यंत. मग घडी घालून दिव्याखाली ठेवले, बयाबाई, जमलं तुमचं, असे म्हणाली आणि गेली. मी या वाडीत नांदायला आल्यापासून ती मला बये म्हणते. त्या दिवसापासून कोनाड्याला तिच्या बाजूने पाट लावला आहे. दिवा माझ्याकडेच आहे, पण पलीकडून वात सारायला कोणी नाही. मी तिला सांगून पाहिले की ती थट्टा होती. ती म्हणाली, तुमच्या नातवाने थट्टा नकाशात काढली आहे.

तुला मी हुशार समजत होते. म्हातारीने नावे ठेवली म्हणजे तिला ते माणूस नको, असे तुझ्या कॉलेजात शिकवतात काय? मला चारी बाजूंनी हवा नको. डोंगरावर जन्मभर हवाच खाल्ली. माझ्या एका बाजूला पुतळी पाहिजे. होळीच्या आत कर.

माया आहे, पण सध्या रुसलेली आहे.

आजी बयाबाई (लेखनिक भिकाजी)


पुणे
६ मार्च १९६५

ती. आजीस व ती. पुतळामावशीस, सोपानचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र भिकाजींनी वाचू नये, मावशीच्याच हाती द्यावं.

मावशी, आजीनं थट्टा केली आणि मी पट्टी लावून रेघ ओढली. चूक माझी आहे. साहेबांना या वेळी खरं कारण सांगितलं. ते आधी रागावले, मग बराच वेळ नकाशाकडे बघत बसले, आणि वाडीत अजून कोणाकोणाच्या भिंती एक आहेत म्हणून विचारू लागले. मला सांगता येईना. माझं निम्मं लहानपण त्या वाडीत गेलंय. शेवटी म्हणाले, तीन बाजूंनी हवा पुष्कळ झाली. आता विहिरीजवळ तुमची दोन घरं जोडून काढली आहेत, मध्ये एकच भिंत. बाकीच्यांना विचारायला मीच येणार आहे.

भिंत जाड विटांची होईल, पलीकडचा आवाज यायचा नाही. अजून काही हवं असेल तर आत्ताच कळवा.

दोघींचाही लोभ परत मिळावा.

तुमचा सोपान


वरची वाडी
१२ मार्च १९६५

चि. सोपानास आजीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र भिकाजीनं दिलं. मी ते घिऊन कोनाड्याचा पाट वाजवला. लय येळ कुणी उघडंना. मंग पाट बोटभर सरकला, हात आला, पत्र घिऊन गेला. पल्याडनं वाचल्याचा आवाज आला, भिंतीअल्याड ऐकू यावा इतका मोठा. वाचून झालं तशी ती म्हणाली, बये, शेंगदाणे भाज.

आवाज यायचा न्हाई अशी भिंत काय कामाची? कोनाडा ठेव, आरपार, बसल्या जागी हात पोचंल असा. आन् येशील तवा साहेबालाबी आण. शेंगदाणे हायेत.

माया हाय तिथंच हाय.

तुझी आजी बयाबाई

ता. क. हे मी माज्या मनानं लिहिते, बयेला वाचून दावनार न्हाई. कोनाड्याला माज्या बाजूनं पाट ठेव. लावायचा न्हाई, पन असावा. पुतळाबाई