व्याह्यांचं बोट

५ जानेवारी
घास चावताना कानाजवळ टक् टक् वाजतं. माझे कान तिखट. टेम्पोच्या आवाजावरून माल किती भरलाय ते सांगतो. तेव्हा हे टक् टक् मलाच जास्त ऐकू येत असणार. पार्किन्सनचा संबंध नाही. तो हातात आहे, जबड्यात कशाला जाईल?

८ जानेवारी
मेंदूवाले डॉक्टर म्हणतात, संबंध आहे. जबड्याचे स्नायूही आखडतात, सांधा दुखतो, दातावर दात बसत नाही. गोळी वेळेवर घ्या, दातवाल्यालाही आजार सांगा. सांगतो म्हणालो. आमचा दातवाला एका द्राक्षवाल्याचा जावई. सकाळी त्याला सांगितलं की दुपारी पिंपळगावभर! भाव करताना हात थरथरला तर समोरचा समजतो, शेठ घाबरला. नाशकात द्वारकेच्या हातगाडीपासून स्वतःच्या द्राक्षांच्या पॅकहाउसपर्यंत आलो, ते काय असलं सांगत फिरून?

१३ जानेवारी
दाढेची कॅप उंच झालीय, हे निदान मीच केलं. दातवाल्यानं घासली. दुसरा काही आजार? म्हणालो, ॲसिडिटी. एकदम फरक.
जेवताना पुन्हा टक्.

१६ जानेवारी
पुन्हा घासून घेतली. आता डावीकडचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. दातवाल्याचा हात कच्चा.

२४ जानेवारी
उद्या हर्षालीचा साखरपुडा. शेखर चांगला मुलगा, वडील सहादूराव मोकळा माणूस. पण मुलीच्या बापाला असला आजार म्हटल्यावर माणसं मागे सरतात. घरात सक्त ताकीद, नाव काढायचं नाही. बायको, कुसा, म्हणाली, अहो, ते पोरगी बघून गेलेत, तुमचा जबडा नाही. हर्षाली शालूची घडी घालत बसली. समजूतदार पोर.
चारचौघांत गोळ्यांची डबी दिसायला नको. उद्या गोळीला सुट्टी. इच्छाशक्ती.

२५ जानेवारी, संध्याकाळ
काय लिहू?
सुपारी फुटली. मग व्याह्यानं व्याह्याला पेढा भरवायचा. सहादूरावांनी चिमूटभरच उचलला. मनात म्हटलं, चिक्कू दिसतोय. बोटं तोंडात आली आणि माझा जबडा मिटला. मिटला तो मिटलाच. उघडायचा होता हो, देवाशप्पथ! सहादूराव आधी हसले, मग नुसतं ओ पाहुणे, ओ पाहुणे. कॅमेरावाला जवळ आला. कुसानं गाल चोळचोळून बोट सोडवलं. मागून कोणीतरी म्हणालं, व्याही लय भुकेले दिसतात. हॉल हसला. मीही हसायला गेलो, तर लाळ शर्टावर. हर्षालीनं नव्या शालूच्या पदरानं पुसली.

२६ जानेवारी
हर्षालीला विचारलं, मोडलं ना गं? म्हणाली, बाबा, त्यांना मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. म्हणून तर सहादूकाका पेढा कुस्करून, चिमूटभर देत होते.
दिवसभर खोलीबाहेर आलो नाही.

२७ जानेवारी, पॅकहाउस
सहादूरावांना फोन केला. बोटाला टाके पडलेत. म्हणाले, बोटाचं जाऊ द्या हो, गोळी का चुकवली? सांगायला लागलो, तर आवाज पोचेना. या आजारात तोही बसतो. ते आपले, जोरात बोला पाहुणे, जोरात! शेडमध्ये बायका द्राक्षांचे घड छाटून भरतायत, काट्याजवळ शेतकरी उभे. शेवटी ओरडलोच. मला पार्किन्सन आहे! लपवला! चुकलो!
घाबरत मान वर केली. एकाही बाईची कात्री थांबली नव्हती. काट्याजवळचा पुंजा तेवढा म्हणाला, ते ठाव हाय शेठ, माझ्या मालाचं वजन करून घ्या आधी.